कॉइलची वायर

चावी फिरवली की स्टार्टर गरगरायचा, पण जुनी गाडी सुरू होईना. सुनेनं बॉनेट उघडलं. पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे ठिणगीच पडत नव्हती. वाकून पाहिलं, तर कॉइलची वायरच गायब! "ही शोधतेस?" मागून नवरा म्हणाला, आणि तीच वायर चाबकासारखी तोंडावर बसली. "माहेरी पळतेस काय!" ओठ फाटून ती बंपरवर कोसळली. सासूबाई धावत आल्या. नेहमीसारखं "पुरे रे" म्हणतील, असं तिला वाटलं. पण त्यांनी पाना उचलला आणि पोटच्या पोराच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. तो किंचाळत खाली बसला. सासूबाईंनी वायर सुनेला दिली. "लाव लवकर." तिनं ती लावली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. सासूबाई शेजारी बसल्या. "अहो आई, तुम्ही?" "तुझे सासरे मारायचे, तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती."