फासाचं माप

एकाहत्तरच्या लढाईवरनं माझं मालक घरी आलं, तवा त्येंचा डावा हात कोपरापास्नं न्हवता. दिसभर भिंतीकडं तोंड करून पडायचं, कुणाशी बोलायचं न्हाईत. त्यात उसातलं रानमांजर आमच्या कोंबड्या न्यायला लागलं. मी मालकांच्या म्होरंच घायपाताची दोरी वळून फास केला आन् कुंपणाच्या भगदाडात लावला. मांजर फासातनं आरपार गेलं आन् तलंग कोंबडी घिऊन गेलं. दुसऱ्या फासातनंबी तसंच. सासूबाई कावल्या, "कोंबड्या चारून मांजराचं बाळंतपण करतीस व्हय गं?" मी परत दोरी घिऊन बसले, तसं मालक उठून बसलं. "आगं, ह्यातनं रेडकू जाईल! मांजराचं डोकं शिरावं, खांदं अडावं, एवढाच फास ठिवायचा. आण इकडं." दोरीचं एक टोक दातात धरून त्येंनी एका हातानं सरकगाठ मारली. फास वर खेचणारी निर्गुडीची फांदी वाकवताना मातर म्हणलं, "धर गं जरा." सकाळी बघितलं तर फांदी मोडलेली आन् मांजर पसार. मला वाटलं, आता ह्ये परत भिंतीकडं वळणार. मालकांनी मोडकी फांदी उलटीपालटी करून बघितली आन् कोयता उचलला. "वाळकी निघाली. वली तोडून आणतो." माझा बाप आटपाडीकडं जल्मभर शेरडं राखत आला, रानमांजरांस्नी फास लावत आला. फास केवढा ठिवायचा, ह्ये मला का ठावं न्हवतं? पर आणखी चार कोंबड्या गेल्या तरी ह्ये मी मालकांस्नी सांगायची न्हाई.