विभागप्रमुखांचं उत्तर

प्राचार्यांच्या पत्राला चिंतामण सरांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. विद्यार्थी चारच उरल्यानं हिंदी मुलखातल्या त्या कॉलेजातला मराठी विभाग बंद करायला विभागप्रमुख म्हणून त्यांची संमती हवी होती, शिवाय स्टाफच्या वार्तापत्रासाठी निरोपाचे दोन शब्द. आज क्लार्क दुबेजी भर वर्गात येऊन म्हणाले, “सरजी, चुप्पी म्हणजे हांच समजू ना?” सर सवयीनं पुस्तकात डोकं खुपसणार, तोच चौघांतली पूर्वा उसळली, “मग मी रोज एवढ्या लांब देपालपूरहून काय पोहे खायला येते?” सरांनी कोरा कागद ओढला. ‘संमती नाही,’ एवढं लिहून खाली पुढल्या वर्षाचं वेळापत्रक आखलं आणि थेट पोस्ट गाठलं. खिडकीतल्या बाई पत्ता वाचून हसल्या. “सरजी, कॉलेज तो सामने ही है, हाथ में दे आओ!” “प्राचार्यांसमोर गेलो की हो म्हणून बसतो मी,” म्हणत सरांनी पाकीट आत सरकवलं.