उलटा टी-शर्ट

"हा प्रीक्वेल बघेल तो ग्रुपमधून बाहेर!" ट्रेलर आला त्याच दिवशी आमच्या कॅप्टन-सिनेमांच्या फॅन ग्रुपचे अ‍ॅडमिन धायगुडेकाका गरजले. आपला शूर कॅप्टन म्हणे तरुणपणी अंतराळयानात बसायला घाबरायचा! चाळीस जणांनी शपथ घेतली.

शुक्रवारी सकाळच्या शोला मी गुपचूप घुसलो. मध्यंतरात समोशांच्या रांगेत ओळखीच्या टकलाखाली उलटा टी-शर्ट दिसला. शिवणी बाहेर, कॅप्टनचं चित्र आत.

"काका?"

ते दचकले. "किती वाईट केलाय, तेच बघायला आलो." डोळे मात्र लाल होते. "यानात चढताना आईचा हात सोडवत नाही रे त्याला... कुणाला सांगू नकोस."

मग घाईघाईने त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "सर्वांनी शपथ पाळली, अभिमान वाटतो."

आमच्या मागे अख्ख्या रांगेतले फोन एकदम वाजले.