पट्टीआड

दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या पानावर आणखी एक राखाडी पट्टी उमटली आणि डॉक्टरने माउस टेबलावर आपटला.

पट्टीखाली कुणाची तरी शिवी आहे, एवढं तिला कळत होतं. कुणाची, ते कळत नव्हतं. पट्टी नावही झाकायची. ती प्राण्यांची डॉक्टर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली एक म्हातारी मांजर तिच्या टेबलावर दगावली, आणि मालकिणीने मांजरीचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'हिने मारलं.' तेव्हापासून ज्यांनी आयुष्यात मांजर पाळली नव्हती, तेही तिला खाटीक म्हणू लागले. ती जेवताना वाचायची, अंथरुणात वाचायची, वाचून दात खात बसायची. शेवटी नवऱ्याने तिच्या फोनवर आणि दवाखान्याच्या संगणकावर एक ॲप बसवून दिलं. येणारे कडवट शब्द ते पट्टीआड टाकायचं आणि जाणारे कडवट शब्द सौम्य करून द्यायचं.

"टाके घातले की कुत्र्याच्या गळ्यात तू ती मोठी कॉलर बांधतेस ना, जखम चाटू नये म्हणून?" नवरा म्हणाला होता. "ही तुझी कॉलर. पट्टी उघडायची नाही."

तिने उघडली नाही. राग मात्र उतरला नाही, कारण गोड शब्दांना पट्टी लागत नव्हती. 'ईश्वर आपल्याला सद्बुद्धी देवो. पुढच्या वेळी एखादा जीव वाचेल, अशी आशा करू या.' यात वाईट शब्द एकही नाही, म्हणून हे जसंच्या तसं तिच्यापर्यंत पोचायचं आणि तिचे कान तापायचे. तरी ते परके होते. खरा राग होता दादावर.

दादा जहाजावर इंजिन सांभाळायचा. समुद्रात असला की फोन लागत नसे, निरोप तेवढे यायचे. आईवडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं, आणि वाढवलं ते शिव्यांवर. 'बरी आहेस ना' असं त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. 'मेलीस की काय म्हशे' ही तिथली विचारपूस. ती डॉक्टर झाली तेव्हा त्याने लिहिलं होतं, 'आता गाढवं रांग लावतील, नात्यातली आहे म्हणून.' ज्याची जीभ म्हणजे दांडपट्टा, तो या सगळ्या प्रकरणात मूग गिळून बसला होता. जग तिचे लचके तोडत होतं आणि सख्ख्या भावाचं एक अक्षर नाही.

परवा तिचा तोल सुटला. तिने दादाला लिहिलं, 'तोंड काळं कर. आजपासून तू मला मेलास.' ॲपने लगेच दुसरं वाक्य पुढे केलं: 'मला सध्या आपल्याशी संपर्क नको आहे. आपल्याला शुभेच्छा.' तिने ते दोनदा वाचलं. शिवीपेक्षा हे जास्त झोंबेल, असं तिला वाटलं. तिने तेच पाठवलं.

आणि आता दार धाडकन उघडून वहिनी आत आली. बाहेरच्या बाकावर पिंजरा मांडीवर घेऊन बसलेला पोपटाचा मालक दचकून उभा राहिला.

"माझ्या नवऱ्याला शुभेच्छा दिल्यास तू?"

"वहिनी, बाहेर पेशंट आहेत."

"असू देत. पोपटालाही कळू दे. शिवी हासडली असतीस तर दोन घास जास्त जेवला असता तो. तुझ्या शुभेच्छा वाचून ताट बाजूला सारलंय. मला लिहितो, ती परकी झाली."

"आणि तो? लोक मला खाटीक म्हणतायत, तेव्हा हा कुठे होता? याच्या बोटांना लकवा भरला होता?"

वहिनीने संगणकाकडे बोट केलं. "अगं, तुझ्या त्या पानावर आता त्याच्याशिवाय बोलतंय कोण? त्याची भाषा माझ्या माहेरच्यांनी वाचू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय."

डॉक्टरने ॲप बंद केलं. पट्ट्या एकेक करून उडाल्या. सुरुवातीच्या काही परक्यांच्या होत्या. पुढच्या साऱ्या एकाच नावाच्या. 'ए ठोंब्या, मूत्रपिंड कुठे असतं ते आधी स्वतःच्या अंगात चाचपून बघ.' 'माझ्या बहिणीने त्या मांजरीला जितका वेळ कुशीत धरलं, तितका वेळ तुझ्या आईनेही तुला धरलं नसेल, बैला.' एवढ्या शिव्या खाऊन लोक कधीच पांगले होते. मग तिने स्वतःला आलेले, बिननावाच्या पट्ट्यांखाली दडलेले निरोप उघडले. 'म्हशे, दवाखाना बंद केलास तर येऊन तंगडं मोडीन.' 'म्हशे, मेलीस का? उत्तर दे.' त्याखाली शेवटचा: 'भवाने, निदान शिवी तरी दे.'

संगणक उचलून खिडकीबाहेर फेकावा, असं तिला वाटलं. नवऱ्याला, त्या ॲपवाल्यांना, स्वतःला, एका रांगेत उभं करून मुस्काटात द्यावी, असं वाटलं. त्याऐवजी ती कळफलक बडवत सुटली. 'गाढवा, मुडद्या, आधी ते ताट ओढ. परकी कोणाला म्हणतोस? घरी आलास की जीभ हासडून हातात देते.' तिने कचकन पाठवलं.

निरोपाखाली एक बारीक ओळ उमटली. 'या व्यक्तीने त्रासदायक शब्द झाकून ठेवण्याची सोय सुरू केली आहे. आपला निरोप झाकला गेला आहे.'

"हे काय आता?" डॉक्टर ओरडली.

वहिनीने वाकून ती ओळ वाचली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"त्याची झोपच उडाली होती गं. सकाळी जहाजावरच्या सोबत्याने मनःशांतीचं काहीतरी बसवून दिलं म्हणाला."