लाल गाडी

लहानपणीच्या मोटार-शर्यतीच्या गेमचा दुसरा भाग धाकट्याने पन्नाशीत मोठ्या हौसेने आणला, पण चार डावांतच त्याचा विरस झाला. जुन्या गेममधल्या लाल गाडीत मुळातच खोट आहे, हे त्याने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. पुलावर आली की ती हमखास नदीत पडायची. म्हणून तो निळी पटकावायचा आणि लाल दादाच्या माथी मारायचा.

"असू दे, मला लालच आवडते," दादा म्हणायचा.

नव्या भागात लाल गाडी कॉम्प्युटर चालवायचा आणि पुलावरून सुसाट निघून जायचा.

"लेकाच्यांनी सगळी मजा घालवली," धाकटा रिकाम्या घरात पुटपुटला आणि त्याने माळ्यावरून जुना गेम काढला. गेलेल्या दादाच्या आठवणीने त्याने जन्मात पहिल्यांदा लाल गाडी घेतली.



कठड्याला जराही न घासता ती पुलापलीकडे गेली.