ग्रहणाचं गणित

“चंद्र सूर्याच्याही वर लाख योजनं आहे,” भागवत सप्ताहात अण्णा व्यासपीठावरून म्हणाले, आणि पुढे बसलेली माझी विद्यार्थिनी पटकन बोलली, “बाईंनी तर उलटं शिकवलंय!”

मंडपातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अण्णा माझे सासरे, शिवाय माझी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष.

“सूनबाई, उभी राहा. पोथी खोटी की तू?”

मी उभी राहिले. पदर घट्ट धरला. “अण्णा, पुढच्या अमावस्येचं सूर्यग्रहण तुम्हीच गणित करून आपल्या पंचांगात छापलंय. चंद्र सूर्याच्या पलीकडे असेल, तर सूर्याला झाकतो कोण?”

“राहू!” अण्णा गरजले. बायकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “हिला नोकरीवरून काढा.”

“मग सूर्य किती झाकला जाईल हे काढताना माप कुणाच्या बिंबाचं धरलंत? राहूच्या की चंद्राच्या?”

अण्णांचं बोट पोथीच्या ओळीवर थांबलं. चाळीस वर्षांत त्यांचं एकही ग्रहण मिनिटभरानेही चुकलं नव्हतं. गणिताच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं.

“चंद्राच्या,” ते ओठातल्या ओठात पुटपुटले.

पण समोरचा माईक चालूच होता.