रोलंड जनार्दन टेट

"हे नाव बाबांनी स्वतः सांगितलं होतं का, मॅम? एवढंच विचारायला आलेय मी," डेनिस म्हणाली, आणि रेकॉर्डचं जुनं कव्हर तिने टेबलावर उलटं ठेवलं.

सरलाबाईंनी चष्मा लावला. कव्हरच्या मागे 'द वेअरहाउस नाइन' या बँडमधल्या नऊ जणांची नावं होती. पाचवं नाव डेनिसच्या बाबांचं : रोलंड जनार्दन टेट, बेस गिटार.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्या स्वयंपाकघरात बर्फाचा पांढरा उजेड आला होता. सरलाबाईंची नात अनिका कॉफी घेऊन आली आणि कव्हर बघून तिथेच थबकली.

"आजी, तू फंक बँडसाठी काम करायचीस? सीरियसली?"

"बँडसाठी नाही गं. रेकॉर्ड कंपनीत टायपिस्ट होते. शिकागोला, एकाहत्तर साली."

डेनिसने पिशवीतून एक छापील पान काढलं. बँडच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं, त्यातलं. फंक हा शब्द लोकांच्या तोंडी बसायच्या आधी या नऊ जणांनी ते संगीत वाजवलं, असं त्यात लिहिलं होतं. तोवर बेस गिटारवाला मागे भिंतीशी उभा राहायचा. रोलंड टेट पुढे आला आणि ट्रम्पेटवाले मागे गेले. सरलाबाईंना हे वाचायची गरज नव्हती. ऑफिसच्या भिंतीपलीकडे हे नऊ जण वाजवायला लागले की त्यांचा टाइपरायटर टेबलावर सरकायचा.

पानाच्या तळाशी एक ओळ होती : टेट यांचे मधले नाव बहुधा लुईझियानातील एखाद्या फ्रेंच घराण्यातले असावे.

"लुईझियानातल्या चार चर्चमधली जन्माची रजिस्टरं चाळली मी," डेनिस म्हणाली. "बाबा गेल्यापासून एकोणीस वर्षं हेच चाललंय. ते सांगायचे, माझ्या वडिलांचं नाव जॅनरडन. कुठले, असं विचारलं की म्हणायचे, कव्हरवर छापलंय ना, मग झालं. त्यांच्या थडग्यावरही आम्ही तेच कोरलंय. पुस्तक सोमवारी छापायला जातंय. त्याआधी मला माझे आजोबा सापडायला हवेत."

सरलाबाईंनी पान सरळ केलं. मग परत सरळ केलं.

"जनार्दन," त्या म्हणाल्या. "ते माझे वडील."

अनिकाने कप खाली ठेवला. "व्हॉट? आजी, हाऊ?"

"फॉर्म होता. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव लिहितात. मला इथे येऊन चारच महिने झाले होते. इथेही तसंच असणार असं धरून मी नऊ जणांना टेबलापुढे ओळीने उभं केलं आणि एकेकाला वडिलांचं नाव विचारलं. आठ जणांनी मुकाट्याने सांगितलं. कंपनीला हवं असेल असं वाटलं असणार त्यांना." सरलाबाई डेनिसकडे वळल्या. "तुमचे बाबा म्हणाले, मला ठाऊक नाही."

"मग रिकामं सोडायचंस ना," अनिका म्हणाली.

"आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याची मधली जागा रिकामी होती. मास्तर हजेरी घेताना नेमके तिथे थांबायचे. रोज. सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बघायचा." सरलाबाईंचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "मला ती जागा रिकामी ठेवता आली नाही. दुसरं कुठलं नाव त्या वेळी सुचलं नाही. फॉर्म छापखान्यात जाईल हे मला माहीत नव्हतं."

डेनिसने मान हलवली. उद्याच्या हवामानाची बातमी ऐकून हलवावी तशी.

"ते काही बोलले नाहीत तुम्हाला?"

"रेकॉर्ड आली त्या दिवशी आले होते. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी कव्हर पुढे धरलं आणि विचारलं, हे म्हणायचं कसं? मी म्हणून दाखवलं. त्यांनी दोनदा म्हटलं. मग आणखी दोन कव्हरं मागून घेतली आणि गेले."

डेनिसने पेन काढलं. लुईझियानाच्या ओळीवर तिने एक सरळ रेघ मारली. वर काय लिहायचं ते तिला सुचेना. पेनचं टोक कागदावर टेकून राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काय करायचे ते? तुमचे वडील?"

"सांगलीला कोर्टात कारकून होते."

"गायचे? काही वाजवायचे?"

"छे. ते आरती म्हणायला लागले की शेजारी आपल्या खिडक्या लावून घ्यायचे."

अनिका फस्सकन हसली. डेनिस हसली नाही.

"फोटो आहे?"

सरलाबाई आत गेल्या आणि भिंतीवरची फ्रेम काढून घेऊन आल्या. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारा पंचविशीतला माणूस. डेनिसने फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीपाशी उजेडात नेली. पाठमोरीच उभी राहून ती बराच वेळ बघत होती.

"कान," अखेर ती म्हणाली. "बाबांचे कान अगदी असेच बाहेर आलेले होते."

सरलाबाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. टोपी फोटोवाल्याच्या दुकानातली होती. डोक्याला फार मोठी, कानांवर बसलेली, त्यामुळे कान पुढे वाकले होते. एरवी जनार्दनरावांचे कान डोक्याला चिकटलेले असत. घरात यावरून त्यांची चेष्टा व्हायची.

"खरंच की," सरलाबाई म्हणाल्या.